पाठीमागचा वारा

गोराईची खाडी ओलांडताना आज कानावर येतो तो यंत्राचा आवाज. पूर्वी या किनाऱ्यावरच्या होड्या तिरप्या परबाणाला बांधलेल्या मोठ्या शिडावर चालत. वारा मागून असला की घरची वाट सोपी, असे किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटावे. पण सुकाणावर तांडेल असे आणि दोरांवर त्याचे खलाशी. होडीत एकटाच माणूस असेल तर?

मागचा वारा फसवा असतो. वाऱ्याचा वेग ताशी 20 सागरी मैल आणि नौकेचा 6, तर अंगाला 14 चाच वारा लागतो. तो वाढला हे उशिरा कळते. शीड उतरवायला नाळेकडे धावावे, तर सुकाण कोणी धरायचे? नौका जरा वळली की वारा शिडाच्या उलट्या अंगाने शिरतो आणि शिडाखालचा आडवा वासा सपकन दुसऱ्या बाजूला येतो. मध्ये डोके असले तर संपलेच! म्हणून एकटा खलाशी तो वासा दोराने पुढे बांधून ठेवतो आणि शीड गरज वाटण्याआधीच लहान करतो. वेग जातो, जीव राहतो.

याची मोठी परीक्षा दिली ती मुंबईतच बांधलेल्या एका नौकेने. ‘सुहैली’ ही जेमतेम 32 फुटांची सागवानी नौका. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे दर्यावर्दी तिच्यातून 14 जून 1968 रोजी इंग्लंडमधील फालमथहून एकटेच निघाले. दक्षिण महासागरात वारा आणि डोंगराएवढ्या लाटा बहुधा पाठीमागूनच. दिशा राखणारे यंत्र वाटेत निकामी झाले, तेव्हा शिडे कमीजास्त करून त्यांनी नौका आपोआप सरळ चालेल अशी बेतली. वादळात मागे लांब दोर सोडले. दोरांच्या ओढीने नौका आवरली जाई, लाटेला पाठ देऊन राही. पुढे फक्त एक चिमुकले शीड. आणि हे गृहस्थ खाली जाऊन झोपत! 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 ला ते परतले. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले. शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोचलेले ते एकटेच.

पुढे नौदलाचे दिलीप दोंदे त्यांच्याकडे जाऊन शिकले आणि 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून, चार बंदरांत थांबत, एकट्याने जग फिरून आले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अभिलाष टॉमी 2018 च्या शर्यतीत उतरले ते ‘सुहैली’च्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरिया’ घेऊन. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. पाठीच्या कण्याला दुखापत झालेले टॉमी हलूही शकत नव्हते. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. तेच टॉमी 2022 साली दुसरी नौका घेऊन पुन्हा त्याच शर्यतीत निघाले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले.