बमरोलीची नक्षी: पंचकार्डापासून टॅबलेटच्या पडद्यापर्यंत

सुरतच्या दक्षिण भागातली बमरोली यंत्रमागांवर वाढली. शेजारी पांडेसराची औद्योगिक वसाहत आणि तिथल्या रंगाई-छपाईच्या गिरण्या, थोडे पुढे उधना. या सलग पट्ट्यात कृत्रिम धाग्याचे कापड विणले, रंगवले आणि छापले जाते. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढली, तेव्हा बमरोली कागदोपत्री शहरात आली. मागांचा खडखडाट मात्र तिथे त्याआधीच पोचला होता. माग चालवणारे हात बाहेरून आले: ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि तापीकाठच्या रेल्वेमार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून. खानदेशातल्या कुटुंबांची सुरतेत एवढी वस्ती झाली की महानगरपालिका गुजरातीच्या जोडीने मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते.

या पट्ट्यातले पुष्कळ माग साधे ग्रे, म्हणजे न रंगवलेले, कापड विणतात. त्यांचा नक्षीशी संबंध येत नाही. नक्षी लागते ती जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर आणि छपाईत. साडीचा काठ, पदर, बुट्टे प्रत्यक्ष विणण्याआधी कशावर तरी पाहून घ्यावे लागतात, कारण चूक कापडावर उतरली की अख्खा तागा वाया जातो. नक्षी पाहायचा जुना टॅबलेट बदलावा की आहे तोच चालवावा, हा आजचा प्रश्न या पाहण्याच्या गरजेतूनच येतो.

जॅकार्डची मूळ रचना फ्रान्समधल्या लिओं शहराची, १८०४-०५ च्या सुमाराची. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची. कागदावरचा उभा स्तंभ म्हणजे ताण्याचे धागे उचलणारा एक हूक, आडवी ओळ म्हणजे एक पिक, म्हणजे बाण्याचा एक धागा. प्रत्येक पिकासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड: भोक असेल तिथला हूक उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. सहाशे पिकांच्या नक्षीला सहाशे कार्डे लागतात, आणि ती दोरीने ओवून मागावर चढवावी लागतात. १८३९ मध्ये विणलेल्या, या यंत्रणेचा जनक जॅकार्ड याच्या रेशमी तसबिरीला सुमारे २४,००० कार्डे लागली होती, यावरून या कामाचा आवाका लक्षात येतो. या पद्धतीत रंगांचा अंदाज कारागिराच्या डोक्यात असे. कागदावरचा लाल म्हणजे लाल धागाच असे नव्हे. तो फक्त विणीचा एक प्रकार दाखवणारी खूण असे. म्हणून नक्षी वाचणे हे वेगळे कौशल्य होते, आणि मालकाला किंवा व्यापाऱ्याला ती खरी दिसे नमुना विणून झाल्यावरच.

१९८३ मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास या इंग्रज कंपनीने इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडले आणि कार्डांची गरज संपली. नक्षी संगणकात तयार होऊन फ्लॉपीवरून मागाच्या नियंत्रकात जाऊ लागली. भारतात हा बदल सावकाश आला. १ एप्रिल १९९९ पासून केंद्र सरकारने कापड उद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना सुरू केली, तिच्या आधाराने नवे माग घेणे सोपे झाले. नक्षीकाराच्या टेबलावर चौकटीच्या कागदाच्या जागी काचेच्या नळीचा जाडजूड मॉनिटर आला.

त्या सीआरटी मॉनिटरला आज कोणी विचारत नाही, पण नक्षीकामाच्या दृष्टीने तो वाईट नव्हता. बाजूने पाहिले तरी त्याचा रंग बदलत नसे आणि काळा रंग बऱ्यापैकी काळा दिसे. खोड होती ती भूमितीची: कोपऱ्यांकडे चौकोन किंचित वाकत, म्हणून काठाची सरळ रेषा खरोखर सरळ आहे की नाही याची खात्री पडद्यावरून होत नसे. शिवाय पडदा लुकलुके, आणि दिवसभर बारीक चौकोन भरणाऱ्या माणसाचे डोळे त्याने थकत.

द्रवस्फटिकांचा, म्हणजे एलसीडीचा, सपाट पडदा आला तेव्हा चौकोन सरळ झाले, पण रंग बिघडले. पहिले स्वस्त एलसीडी पडदे टीएन जातीचे होते. ही रचना १९७०-७१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिख यांनी विकसित केली. या पडद्यांत प्रत्येक मूळ रंगाच्या बहुधा ६४ च पायऱ्या असत, म्हणजे एकूण २,६२,१४४ रंग. आठ बिटांच्या पडद्यात ते १ कोटी ६७ लाखांच्या वर जातात. त्याहून मोठी अडचण कोनाची होती. मान थोडी वर-खाली केली की गुलाबी फिका पडे आणि काळा करडा होई. एकट्याने पत्रे टाइप करायला असा पडदा चालतो. नक्षीकार, मागाचा मास्टर आणि व्यापारी एकाच पडद्याभोवती उभे राहून छटा ठरवू लागले, तर तिघांना तीन वेगळ्या छटा दिसतात. छटा चुकल्याने होणाऱ्या तोट्याचे खरे मूळ हे होते, आणि त्यावरचा उपाय आयपीएस पडद्याने दिला. हिताचीने १९९६ च्या सुमारास बाजारात आणलेल्या या रचनेत स्फटिक पडद्याच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे तिरक्या नजरेलाही रंग जवळजवळ तोच राहतो.

२०१० मध्ये आलेला पहिला आयपॅड आयपीएस पडद्याचा होता: ९.७ इंच, १०२४ बाय ७६८ ठिपके. नक्षी आता टेबलावरून उठून मागापर्यंत जाऊ शकत होती. तिथे एक साधा हिशेब आड आला. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचे एक प्रचलित माप २,६८८ हुकांचे आहे. एका हुकाला एक ठिपका दिला, तर १०२४ ठिपक्यांच्या रुंदीत नक्षीचा जेमतेम ३८ टक्के भाग मावतो. उरलेला सरकवून पाहावा लागतो, किंवा लहान करून पाहिला तर बारीक विणीच्या चुका लपतात. २०१२ च्या आयपॅडने त्याच आकारात २०४८ बाय १५३६ ठिपके बसवले आणि हे प्रमाण ७६ टक्क्यांवर गेले. टॅबलेटच्या इतिहासात विणकराच्या दृष्टीने सर्वांत मोठी उडी हीच. त्यानंतर ठिपक्यांची संख्या वाढण्याचा फायदा घटत गेला, कारण त्याहून बारीक ठिपके हातभर अंतरावरून डोळ्याला सुटे दिसत नाहीत.

स्वस्त टॅबलेट याच काळात घरोघरी पोचले. २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आकाश’ आणला, आणि २०१७ पासून गुजरात सरकारने महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना हजार रुपयांत ‘नमो ई-टॅब’ दिला. दोन्हींचा पडदा सात इंची. वाचायला आणि धडे पाहायला तो पुरेसा, आणि कामगाराच्या घरात पहिल्यांदा टॅबलेट येणे ही मोठीच गोष्ट होती; पण रंग ठरवण्याच्या कामासाठी ती यंत्रे बनलेली नव्हती.

दुसरी मोठी शाखा ओएलईडीची. १९८७ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांतून कमी विद्युतदाबावर प्रकाश मिळवला. एलसीडीत मागून दिवा जळतो आणि स्फटिक तो अडवतात. अडवणे कधी पूर्ण होत नाही, म्हणून काळ्यात थोडा उजेड गळतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो आणि काळ्यासाठी सरळ विझतो. काळ्या जमिनीवर गर्द निळी बुट्टी असेल तर हा फरक लगेच कळतो. सॅमसंगने २०११ च्या गॅलक्सी टॅब ७.७ मध्ये आणि २०१४ च्या टॅब एस मध्ये असे पडदे दिले.

कापडाच्या धंद्यात या झगमगाटाची एक किंमतही आहे. असे पडदे बहुधा भडक रंगांच्या मांडणीत विकले जातात. राणी रंग किंवा शेंदरी त्यावर कापडापेक्षा जास्त उजळ दिसतो, आणि तो पाहून मागणी नोंदवणाऱ्याला माल हातात आल्यावर फसल्यासारखे वाटते. १९९६ च्या एसआरजीबी मानकाने पडद्यांच्या रंगांना एक समान मर्यादा घातली. गर्द फिरोजीसारख्या काही छटा तिच्याबाहेरच राहतात. २०१६ च्या ९.७ इंची आयपॅड प्रोपासून आलेली पी-३ ही रंगकक्षा सुमारे २५ टक्के मोठी आहे, पण तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पाहणाऱ्याचा पडदाही ती कक्षा पाळतो. त्याच यंत्रात खोलीच्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग बदलणारी सोय आली. डोळ्यांना ती सुखाची आहे. शेड मॅचिंग करताना ती बंद ठेवावीच लागते.

काही गोष्टी कोणताही पडदा दाखवत नाही. जरीची तार उजेड परावर्तित करते, आणि पाहण्याचा कोन बदलला की तिची चमक सरकते. पडद्यावर तिचा एका क्षणाचा पिवळा उरतो. शिवाय दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले तुकडे दिवसाउजेडी सारखे आणि ट्यूबलाइटखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून रंगाईच्या कामात शेवटची मंजुरी कापडाच्या तुकड्यावर, ठरावीक उजेडाच्या पेटीत देणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

यानंतरचे टप्पे महागड्या यंत्रांतले आहेत. २०२१ च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये मागचा दिवा २,५९६ विभागांत स्वतंत्र मंद-प्रखर होऊ लागला. २०२४ मध्ये त्याच मालिकेत ओएलईडीचे दोन थर एकावर एक आले. दोन थरांत काम वाटल्याने तेवढ्याच उजेडासाठी प्रत्येक थरावरचा ताण कमी होतो. कारखान्यात हे महत्त्वाचे आहे, कारण नक्षीच्या प्रोग्रॅममधल्या अवजारांच्या पट्ट्या तासन्‌तास एकाच जागी असतात आणि एकेरी ओएलईडीवर त्यांचा डाग उमटू शकतो. जुना टॅबलेट बदलावा का, याचे उत्तर कामावर ठरते: ज्याच्याकडे २०१२ नंतरचा दाट ठिपक्यांचा आयपीएस टॅबलेट आहे आणि ज्याचे काम विणीच्या चुका पकडण्याचे आहे, त्याला केवळ पडद्यासाठी नवा घेण्याचे कारण उरत नाही. काच आणि पडदा यांच्यात पोकळी असलेला स्वस्त टॅबलेट मात्र उघड्या दारापाशी प्रतिबिंबांनी भरतो. तिथे चिकटवलेल्या काचेचा पडदा घेतलेला बरा. ओएलईडीचा खर्च सार्थ ठरतो तो गर्द जमिनीच्या छपाईत आणि मालाची छायाचित्रे तपासण्यात, तेही रंगांची मांडणी भडकवरून नैसर्गिकवर आणल्यावर.