हाडे तीच, मान निराळी

लांब मानेचे डायनोसॉर, म्हणजे सॉरोपॉड, चरताना मान कशी धरत असतील? प्रश्न प्राणिशास्त्राचा खरा; परंतु त्याच्या उत्तरांचा इतिहास हा अर्थनिर्णयनाचाही इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक चित्रांत हे प्राणी पाण्यात बुडालेले आणि श्वासासाठी मान तेवढी वर काढलेले दिसतात. एवढा अवाढव्य देह जमिनीवर पेलवणार नाही, ही समजूत त्यामागे होती. १९५१ साली केरमॅक यांनी दाखवून दिले, की इतक्या खोलीवर पाण्याच्या दाबामुळे फुफ्फुसांत हवा ओढणेच अशक्य होईल. पुढे १९७१ मध्ये रॉबर्ट बॅकर यांनी सॉरोपॉड जमिनीवरचेच, असे ठामपणे मांडले. जिराफाप्रमाणे शेंड्यांचा पाला खाणारी मान मग सर्वमान्य होऊ लागली.

१९९९ साली केंट स्टीव्हन्स व मायकेल पॅरिश यांनी डिप्लोडोकस आणि अपॅटोसॉरस यांच्या मानेचे मणके संगणकावर जुळवले. सांधे नेमके जुळतात त्या स्थितीत मान जवळजवळ आडवी राहत होती. तेव्हा हे प्राणी जमिनीलगतच्या वनस्पती खात असावेत, असा निष्कर्ष निघाला. रॉजर सेमूर यांच्या मतानेही त्याला बळ दिले: मान उभी धरली, तर मेंदूपर्यंत रक्त चढवण्यातच ऊर्जेचा फार मोठा वाटा खर्ची पडेल.

२००९ मध्ये मायकेल टेलर, मॅथ्यू वेडेल व डॅरेन नेइश यांनी जिवंत प्राण्यांचा दाखला पुढे केला. पक्षी, ससे, मांजरे विसाव्यातही मान बुडापासून वर उचलून धरतात. सांधे नेमके जुळलेल्या स्थितीत ती क्वचितच असते. शिवाय मणक्यांमधील कूर्चा सहसा अश्मीभूत होत नाही. ती किती जाड होती, यावर सांध्यांचे हे ‘जुळणे’च अवलंबून असते.

इथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. सावध उभे राहताना मान कोठे असते आणि चरताना ती कोठवर जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मान उंच ठेवणारा प्राणीही खायला ती खाली घालतोच. दोन्ही पक्षांपुढे हाडे तीच होती. हाडांमधील रिकामी जागा मात्र एकाने भूमितीने भरली, दुसऱ्याने सशाने. संहितेतील गाळलेल्या जागा आपण कशाने भरतो, हे वाचकानेही स्वतःला असेच विचारून पाहावे.