आधी कोणाचे देणे?

मंडळी, दिवाळी उरकली आहे, भात झोडून झाले आहे, मुंबईला धाडलेल्या केळीच्या आणि विड्याच्या पानांच्या पाट्यांचे पैसेही हाती आले आहेत, असे क्षणभर समजा. वर्षातली ही एकच वेळ अशी, की घरात चार पैसे खुळखुळतात. आणि नेमकी हीच वेळ अशी, की ओटीवर माणसे येऊन बसतात. कोणी वसुलीला, कोणी नुसतेच ‘सहज आलो होतो’ म्हणत. पैसे थोडे आणि देणी फार. मग आधी कोणाचे द्यायचे? प्रश्न तुमच्या-आमच्या घरातला आहे, पण त्याला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडा उलगडून पाहू.

आपण वसईजवळच्या पापडीतले एक वाडीवाल्याचे घर डोळ्यांसमोर आणू. घर कल्पनेतले आहे. काळ धरा १९०० सालच्या आसपासचा. विहिरीवर रहाट आहे, बैल आहे, केळी आहेत, थोडे भात आहे. हाती आलेत नव्वद रुपये. देणी अशी: सरकारचा शेतसारा चौदा रुपये. सावकाराच्या रोख्यावर एकशे साठ. सोनाराकडे घरधनिणीचे गंठण गहाण, त्याचे चौसष्ट. वाण्याची उधारी अठरा. आणि मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले वीस.

सावकाराचा दर काय? तर ‘रुपयाला महिन्याला एक पैसा’. ऐकायला किती गोड! एका पैशाने काय होते? पण त्या काळी रुपयाचे पैसे चौसष्ट. बारा महिन्यांचे बारा पैसे, म्हणजे रुपयामागे तीन आणे. म्हणजेच शेकडा पावणेएकोणीस रुपये. एकशे साठ रुपयांवर वर्षाचे व्याज झाले तीस रुपये, शेतसाऱ्याच्या दुपटीहून जास्त. आणि हा सावकार त्या मानाने बरा म्हणायचा. ‘रुपयाला महिन्याला आणा’ म्हणणारा पडला, तर वर्षाचे शेकडा पंचाहत्तर होतात.

आता आपला वाडीवाला काय करील? बहुतेक घरांत होते तेच. मेव्हणा पाहुणा म्हणून आलेला; त्याच्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणून त्याचे वीस आधी देईल. वाणी रोज भेटतो, म्हणून त्याचे अठरा देईल. शेतसारा भरील. उरले अडतीस. त्यातले तीस व्याजात जातील, आठ मुद्दलात. रोखा एकशे बावन्नवर येईल आणि पुढच्या वर्षाचे व्याज होईल साडेअठ्ठावीस रुपये.

त्याने उलटे केले असते तर? शेतसारा भरून उरलेले शहात्तर रुपये सगळे रोख्यावर टाकले असते, तर मुद्दल एकशे चौदावर आले असते आणि पुढच्या वर्षाचे व्याज एकवीस रुपये सहा आणे झाले असते. वर्षाला सात रुपये दोन आणे वाचले, म्हणजे निम्मा शेतसारा, वर दोन आणे. गुरुजींनी हे उदाहरण फळ्यावर मांडून दाखवावे. मुले घरी जाऊन सांगतात.

पण थांबा. एवढ्यावर ‘व्याज जास्त त्याचे आधी’ असा निकाल देऊन मी मोकळा झालो, तर तुम्ही म्हणाल, हा पुस्तकी माणूस दिसतो. आणि ते खरेच ठरेल. वाण्याची उधारी हे नुसते कर्ज नव्हे. ते पावसाळ्यातल्या तांदळाचे दार आहे. ते बंद झाले, तर आषाढात भात उसने आणावे लागेल, सवाईने किंवा दिढीने. मणाचा सव्वा मण, नाहीतर दीड मण, तोही पाच-सहा महिन्यांत परत. हा दर सावकाराच्या पैशापेक्षा कितीतरी जड. म्हणून वाण्याचे सगळे नाही, तरी दार उघडे राहील इतके देणे शहाणपणाचेच. मेव्हण्याचे मात्र निराळे. तो थांबू शकतो. त्याला व्याज नाही. फक्त एवढे पाहायचे, की आपण त्याचे न दिल्याने तो स्वतःच सावकाराच्या दारी गेला नाही ना. तसे झाले तर कर्ज फिटले नाही, नुसते एका घरातून दुसऱ्या घरात गेले. गंठणाचे तर हिशेबापेक्षा मुदतीवर असते. मुदत टळली की दागिना गेला.

म्हणजे व्याजाच्याही आधी एक प्रश्न विचारावा लागतो: हे देणे राहिले, तर तो माझे काय नेईल?

आणि इथेच इतिहास येतो. कारण या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलत गेले आहे.

जुन्या काळी घेणेकरी माणसालाच अडवीत असे. दारात धरणे धरून बसायचे, ना स्वतः खायचे, ना घरातल्यांना खाऊ द्यायचे. मराठी मुलखात ही ओळखीची रीत होती. १८६० च्या दंडसंहितेत अशा धरण्याचे उदाहरण देऊन तो गुन्हा ठरवावा लागला, यावरून ती किती रुजली होती ते कळते. इंग्रजी कोर्टे आल्यावर धरणे गेले, पण हुकूमनामा आला, आणि त्या हुकूमनाम्यावर कर्जदाराला दिवाणी तुरुंगात टाकता येई. सावकाराला पुष्कळदा तुरुंगात टाकायचेही नसे. नुसता धाक पुरे. तेव्हा सावकाराचे देणे सगळ्यांत आधी, त्यात विचार करण्यासारखे काहीच नव्हते.

त्यात आणखी एक गंमत झाली. गंमत कसली, घातच. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, नाहीतर कर्ज बुडाले. हेतू चांगला होता, जुनी भुते उकरून काढू नयेत. पण सावकाराने काय करावे? तिसरे वर्ष भरत आले, की तो कुळाला बोलावून नवा रोखा लिहून घेई, मुद्दल अधिक थकलेले व्याज. आपल्या वाडीवाल्याने तीन वर्षे काहीच दिले नसते, तर व्याज झाले असते नव्वद आणि नवा रोखा झाला असता अडीचशेचा. त्यावर वर्षाचे व्याज सेहेचाळीस रुपये चौदा आणे.

आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता: थकलेले व्याज मुद्दलाएवढे झाले की पुढे चढायचे नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टे हिंदूंच्या बाबतीत तो मानीतही असत. एकशे साठच्या रोख्यावरचे व्याज त्या नियमाने पाच वर्षे चार महिन्यांनंतर थांबायला हवे. पण मध्येच रोखा बदलला, की मुद्दलच अडीचशे झाले आणि थांबण्याची रेघ पुढे सरकली. अंगठा उठवणाऱ्याला हे कुठून कळणार? माझे तर मत असे, की त्या काळात एखाद्या घराने एवढे एकच जाणले असते, की रोखा बदलायच्या आत थकलेले व्याज आधी चुकवावे, मग बाकीच्यांकडे पाहावे, तरी पुष्कळ वाड्या वाचल्या असत्या.

घाटावर हा फास इतका आवळला, की १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक बाजारात उठले आणि मग ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनी सावकाराकडे मुख्यतः कागद मागितले. रोखे, हुकूमनामे हाती आले की होळी करायची. जिवाला इजा क्वचितच झाली. आपले शत्रुत्व माणसापेक्षा त्या कागदाशी आहे, हे त्यांना नीट उमगले होते.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. आधी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. त्यात दोन गोष्टी मोलाच्या. एक, पैशाच्या हुकूमनाम्यावर शेतकऱ्याला तुरुंगात घालता येईना. दुसरी, न्यायाधीशाने नुसता शेवटचा रोखा पाहायचा नाही; व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशेब काढायचा, मुद्दल निराळे, व्याज निराळे, आणि व्याजाचे मुद्दल होऊ द्यायचे नाही. पुढे १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या साठाव्या कलमाने स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, शेतीची अवजारे, शेतकऱ्याचे बैल आणि राहते घर जप्तीतून वगळले.

पाहा, देण्याचा क्रम कसा बदलला! माणूस सुटला, बैल सुटला, चूल सुटली. उरली ती लिहून दिलेली गहाण जमीन, आणि सरकारी देणे. १८७९ च्याच जमीन महसूल कायद्याने शेतसाऱ्याचा बोजा जमिनीवर सर्वांत वरचा ठरवला. तो थकला तर जमीनच सरकारजमा होऊ शके. म्हणून आपल्या वाडीवाल्याच्या दोन्ही हिशेबांत चौदा रुपये आधी काढून ठेवले, ते काही सरकारच्या प्रेमाने नव्हे.

सगळ्यांचीच सुटका झाली असे मात्र समजू नका. आजच्या पालघर जिल्ह्यातच, डहाणू-तलासरीकडे आणि तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या उंबरगाव तालुक्यात, वारली माणूस लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि त्यापोटी नवरा-बायको दोघेही त्याच्याकडे राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. तिथे ना रोख्याचा हिशेब, ना मुदत. कामाचे दिवस मुद्दलातून कापले जात नसत. कायद्याच्या पुस्तकातून माणूस सुटला होता, रानातून सुटला नव्हता. १९४५ साली किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पाठीशी वारली उभे राहिले, तेव्हा ही वेठ मोडली. वेठबिगारी रद्द करणारा देशाचा कायदा यायला १९७६ साल उजाडले. कुठले कर्ज आधी फेडावे, असे कोणी मला एका वाक्यात विचारले, तर मी या लग्नगड्याकडे बोट दाखवीन. ज्या कर्जात हात-पाय अडकले, ते फिटल्यावाचून दुसरे कुठलेच फेडता येत नाही.

आता पुन्हा पापडीला येऊ. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ साली तो सुधारला. कल्पना जर्मनीतल्या रायफायझन नावाच्या गृहस्थांची: शेजाऱ्यांनी एकत्र यावे, एकमेकांच्या ओळखीवर कर्ज द्यावे. खेड्यातल्या सोसायट्यांत जबाबदारी अमर्याद असे. तुम्ही बुडालात तर शेजाऱ्याने भरायचे. १९१८ साली, म्हणजे इन्फ्लुएंझाने आणि दुष्काळाने मुंबई इलाखा होरपळला त्याच वर्षी, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनी पापडीत कॅथॉलिक सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली आणि तिचे मुख्य कार्यालय अजूनही पापडी नाक्यावर आहे.

सोसायटी आली आणि आपला जुना प्रश्न नव्याने अवघड झाला. सोसायटीचा दर सावकारापेक्षा हलका. मग व्याजाच्या हिशेबाने तिचे देणे शेवटी ठेवायचे का? पण ते पैसे शेजाऱ्याचे, आणि ते थकले तर पुढल्या हंगामाला कर्ज नाही. गावोगावच्या सभासदांनी यावर तोड काढली, ती तुम्हाला ठाऊकच आहे: ‘नवं-जुनं’. मार्चअखेर आठ दिवसांपुरते सावकाराकडून आणायचे, सोसायटीत भरायचे, नवे कर्ज उचलायचे, सावकाराला परत द्यायचे. वहीत वसुली चोख, घरात कर्ज तेवढेच, आणि मधल्या आठ दिवसांचे व्याज वर! १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली, तेव्हा दिसले, की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शंभरात जेमतेम तीन रुपये, आणि खाजगी सावकारांचा सुमारे सत्तर. पुढे हे चित्र पालटले, पण नवं-जुनं काही गेले नाही.

आज पापडीच्या वाड्या पुष्कळशा इमारतींखाली गेल्या. देणी मात्र पाचच्या पाच आहेत, नुसती नावे बदलली. घराचे कर्ज थकले, तर २००२ च्या कायद्याने बँक कोर्टात न जाताही तारण घर ताब्यात घेऊ शकते. शेतजमीन त्या कायद्यातून वगळली आहे. क्रेडिट कार्डाचे व्याज महिन्याला शेकडा तीन-साडेतीन, म्हणजे आपल्या जुन्या सावकाराच्या दुप्पट. त्यापाशी तुमचे गहाण काही नाही, पण मुद्दल तेच फुगवते. मोबाइलवरून चुटकीसरशी मिळणाऱ्या कर्जाचे काही वसुलीवाले नातेवाइकांना फोन करीत सुटतात, तेव्हा मला ते दारातले धरणेच आठवते. भीतीपोटी माणूस त्याचे आधी देतो आणि घराचा हप्ता चुकवतो. अशा वेळी जरा श्वास घ्यावा आणि घर कोण नेऊ शकतो ते आधी पाहावे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारीचा नवा कायदा आहे. विनापरवाना सावकाराने लाटलेल्या जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते. असे कर्ज गुपचूप फेडत बसण्याआधी तिथे एक अर्ज करून पाहावा.

जाता जाता गुरुजींसाठी एक उदाहरण. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे पैसे शंभर झाले. ‘रुपयाला महिन्याला एक पैसा’ हे शब्द तेच ठेवले, तर आपल्या वाडीवाल्याचे एकशे साठ रुपयांवरचे वर्षाचे व्याज तीस रुपयांवरून किती होते? उत्तर एकोणीस रुपये वीस पैसे येते. मग मुलांना विचारा, १९५७ च्या चैत्रात सावकाराने कुळाशी बोलताना पैसा कोणता धरला असेल, जुना की नवा?