‘कृमी’ आणि जीवाणू : अडुळशाच्या निमित्ताने

अडुळशाच्या पानांच्या अर्काचा जंतुरोधक गुण प्राचीनांना ज्ञात होता, असे विधान वारंवार केले जाते. त्याची मदार बहुधा ‘कृमी’ या शब्दावर असते. अथर्ववेदात दृश्य कृमींबरोबरच अदृश्य कृमीही उल्लेखिले आहेत, हे खरे. परंतु त्या शब्दात किडे, जंत इत्यादी नाना क्षुद्र जीव सामावतात. त्याचा अर्थ ‘जीवाणू’ असा करणे म्हणजे उत्तरकालीन कल्पना पूर्वकालीन शब्दात घालणे होय. चरकसंहितेत वासा, म्हणजेच अडुळसा, रक्तपित्तावर सांगितला आहे, तो दोषप्रकोपाच्या सिद्धांताला धरून. क्षयाचा जीवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिला. अडुळशाच्या पानांतील व्हॅसिसीन हे अल्कलॉइड १८८८ साली वेगळे करण्यात आले. त्यावरून सिद्ध केलेल्या ब्रोमहेक्झिन व अँब्रोक्सॉल या द्रव्यांचा क्षयजंतूंवरील परिणाम १९९६ साली नोंदविला गेला, तोही परीक्षानळीत. पानांच्या काढ्याने क्षय बरा होतो, याचा तो पुरावा नव्हे. तात्पर्य, औषधी पारखण्याचे श्रेय पूर्वसूरींना निःसंशय द्यावे. जंतुशास्त्र मात्र त्यांच्या शब्दांतून काढू नये.