पांढरं जाणं आणि तांदळाचं धुवण

वऱ्हाडात या दुखण्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत. 'पांढरं जाते' एवढंच सांगायचं, तेही आवाज खाली आणून. वयस्क बायका 'धुपणी' म्हणतात. खाजेचा तर उल्लेखच नको. उपाय मात्र ठरलेले: तांदळाचं धुवण प्यायचं, त्रिफळ्याच्या काढ्याने नाहीतर तुरटीच्या पाण्याने धुवायचं.

आमचा मुलूख ज्वारीचा, भात सणासुदीचा. तिथे तांदळाचं धुवण औषध म्हणून कसं रुजलं याचं मला नवल वाटे. चरकसंहितेत ते सापडतं. चिकित्सास्थानाच्या 30व्या अध्यायात 20 योनिव्यापद सांगितल्या आहेत, आणि प्रदरावरचं पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर द्यायला सांगितलं आहे.

याच अध्यायात 'अचरणा' येते. न धुतल्याने जंतू होतात, ते खाज आणतात आणि त्या खाजेने बाईला पुरुषाची फार इच्छा होते, असं तिचं वर्णन. जंतू आणि खाज हे निरीक्षण म्हणून मान्य. पुढचा भाग माझ्या मते निव्वळ शेरा आहे. आमच्याकडच्या सुनांनी चरक वाचला नव्हता, पण हा संशय त्यांना पुरता ठाऊक होता. मग सासूला सांगायचं कसं?

पुरुष डॉक्टरांकडे न जाणाऱ्या बायकांसाठी 1885 मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय लोकांच्या तोंडी अजून 'डफरीन'च आहे. अकोल्याचं 'लेडी हार्डिंग'. तिथे जायचं ते बाळंतपणाला. पांढऱ्यासाठी कोण जातं?

याचा आकडा विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला मिळाला. गडचिरोलीतल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची पाहणी केली. 1989 मध्ये 'लॅन्सेट'ने ती छापली. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. बाकीच्यांनी अंगावर काढलं होतं.

घरगुती उपायांतलं धुणं मला जास्त खटकतं. योनीत आम्ल राखणारे जंतू असतात, हे डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने 1892 मध्येच दाखवलं होतं. आतून धूत राहिलं की तेच कमी होतात आणि त्रास उलटतो. बाई आणखी धुते. शिवाय पांढरं जाणं हा एक आजार नव्हे. थोडा पांढरा स्राव निरोगीच असतो. बुरशी झाली तर दह्यासारखा जाड स्राव आणि खाज, जिवाणूंचा तोल गेला तर माशासारखा वास. ट्रायकोमोनास असेल तर औषध नवऱ्यालाही घ्यावं लागतं, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. अचरणेच्या वर्णनात नवऱ्याच्या आजाराचा प्रश्नच नाही, आणि आमच्या घरांतही तो कुणी विचारला नाही. धुवण एकटीनेच प्यायचं.

पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर लालसर, दुर्गंधी स्राव जाऊ लागला, तर ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. तेव्हा काढा उकळत न बसता डफरीन गाठावं.