अक्षयनीवी

छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्याचा विषय निघाला की खर्चाचा आकडा हमखास निघतो: ६,६८,२०३ रुपये. मग ताजमहालाशी तुलना आणि आपल्या वाट्याला स्वस्तातली प्रतिकृती आली अशी हळहळ. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपत राय ही वास्तू घडवणाऱ्यांची नावे आहेत, त्यांच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. उभारणीच्या खर्चावर कला तोलायची ही सवय इतकी मुरली आहे की शहरात कलेवर सार्वजनिक पैसा खर्चावा का, हा वादही तिथेच अडकतो. या जिल्ह्याचा इतिहास वेगळा हिशेब दाखवतो. इथली कला टिकली ती कुणीतरी वर्षानुवर्षे तिचा खर्च उचलला म्हणून, आणि जिथे तो थांबला तिथे ती झिजली.

जुन्या दात्यांना हे ठाऊक होते. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या गंधिक घराण्यातल्या मितदेवाचे दान कोरलेले आहे, राजवैद्य मगिलाच्या कुटुंबीयांचीही नावे आहेत. म्हणजे लेणी उभी राहिली ती व्यापारी आणि वैद्यांच्याही पैशावर. पण दगड कोरून झाल्यावर लेण्यात राहणाऱ्यांचे काय, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यात मिळते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यातल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. उरलेल्या १००० वर पाऊण टक्का, इतर खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही. या ठेवीला अक्षयनीवी म्हणत. आज एखाद्या शिल्पाचे किंवा भित्तिचित्राचे अंदाजपत्रक मांडताना अशी तरतूद किती वेळा दिसते?

अजिंठ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १८४४ पासून रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने काढलेल्या तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती लंडनला गेल्या आणि बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात राबले. त्यांच्या कामाचाही मोठा भाग साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. दोन्ही वेळा सरकारी पैसा प्रतींवर लागला आणि मूळ भिंतींचा गिलावा सुटतच राहिला. चित्र नीट दिसावे म्हणून त्यावर वॉर्निश फासले गेले, ते पिवळे पडून रंग झाकोळले. हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम यझदानींकडे सोपवले, तेव्हा पहिल्यांदा मूळ भिंतींसाठी सलग खर्चाची सोय झाली. १९२० ते १९२२ दरम्यान चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आले आणि सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा धरवला गेला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: त्याच तज्ज्ञांचे लाखेचे लेपही पुढे पिवळे पडले, मग जतनावरचा खर्च तरी कशाला? पण ती चूक उमगली आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ ते लेप काढत राहिले, कारण काम पाहणारे खाते टिकून होते. चूक करणारे खाते उद्या ती दुरुस्त करू शकते. खातेच नसेल तर चूक तशीच राहते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. दुष्काळी मराठवाड्यात, जिथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तिथे रंगावर पैसा घालणे क्रूर वाटू शकते. मला हा आक्षेप मनापासून पटतो. मात्र निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नहरीचीही हीच कथा आहे. डोंगरातून शहराला पाणी देणारी ती भूमिगत व्यवस्था जागोजागी बुजली, ती देखभाल सुटल्याने. पाणी आणि चित्र यांचा इथला शत्रू एकच आहे: उद्घाटनानंतर संपणारे अंदाजपत्रक.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत महिलांच्या डब्ल्यू-२० परिषदेसाठी पाहुणे आले तेव्हा शहरातल्या भिंती रंगल्या. त्या रंगाचा पुढच्या दहा पावसाळ्यांचा खर्च कुणाच्या नावे लिहिला आहे, हा प्रश्न महापालिकेच्या प्रत्येक अंदाजपत्रकाच्या चर्चेत विचारला गेला पाहिजे.