अस्सल म्हणजे काय?

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. जुनी मोटार घेणाऱ्याने ही म्हण विसरू नये.

मार्च १९६१मध्ये जिनिव्हा येथे जॅग्वारची ई-टाइप कूपे लोकांसमोर आली. तेव्हा ती इंग्लंडात सुमारे २,२०० पौंडांना मिळे. आज अशी गाडी विक्रीला आली की जाणकार रंगाची चकाकी बाजूला ठेवून आधी क्रमांक पाहतो. चॅसिस, इंजिन आणि बॉडीवरचे आकडे कारखान्याच्या जुन्या नोंदींशी जुळले, तर भाव चढतो. मग दारांखालचा पत्रा वाकून तपासायचा, कारण गंज तिथे लपतो.

पण भाग बदलले म्हणजे गाडी खोटी का? १९९०मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात हाच वाद गेला. १९२९ आणि १९३०ची ल माँची २४ तासांची शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ बेंटली १ कोटी पौंडांना ठरली होती. तिचे बरेच भाग बदललेले आहेत, असे म्हणत खरेदीदार मागे फिरला. न्यायाधीशांनी मात्र ती अस्सल मानली. तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता.

आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही हेच लागू आहे. मुलांच्या हाती वस्तू द्याल, तेव्हा तिची हकीकतही लिहून द्या.